उशीखालचं कार्ड

आमच्या वाडीत तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणी सांगत नाही, दृष्ट लागते म्हणे. त्यामुळे वाडीची आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, असलेल्या सोनूबाईला प्रत्येकीवर संशय घ्यायची खोडच लागली. कुणी बांगड्याच्या वासाने नाक धरलं, की ही तिच्या दारात हजर.

"सुरवातीला ओटीपोटात थोडं दुखतं, थकवा येतो. दुपारी जरा पड, पाणी पी. दुखणं वाढलं किंवा रक्त दिसलं तर मात्र तडक डॉक्टरकडे जायचं."

लोकांना इतकं गोड सांगणारी ही बाई, पण स्वतःची सून वेदिका दुपारी आडवी दिसली की कपाळाला आठ्या. रात्रभर मोबाईल बघत असणार, दुसरं काय!

परवा वेदिका न्हाणीत गेल्यावर सोनूबाईने मोबाईल शोधायला उशीखाली हात घातला. हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं आणि गरोदरपणाचं कार्ड. त्यावर नाव वेदिकाचं आणि सही वेदिकाच्या माहेरच्या, पूर्णगडच्या आशाताईची.

"माझ्याकडे का नाय बोललीस गो?" तिने दारातच विचारलं.

वेदिका केस पुसत म्हणाली, "आई, आशाताई तुम्ही लोकांच्या घरी असता. इथं सासू असता."