एप्रनवरचा गोल
उन्हानं विटलेलं लाल कापड दिसलं की मला जर्मनीत कार्ल्सरूहेतलं ते स्वयंपाकघर आठवतं. दोन हजार पाचच्या सुमाराला, पीएचडी करताना, मी एका म्हाताऱ्या बाईंकडे भाड्यानं राहायचे. एका दुपारी प्लमचा केक करायचा होता, म्हणून त्यांनी खुंटीवरचा लाल एप्रन माझ्या गळ्यात घातला. तो पार फिका पडला होता, फक्त पोटावर ताटाएवढा गोल गडद राहिला होता आणि त्याच्या कडेनं सुईची भोकं होती. “इथे काय होतं?” मी विचारलं. प्लममधल्या बिया काढता काढता त्या म्हणाल्या, “तर, हे आधी वडिलांच्या युनियनचं निशाण होतं. कारखाना कामगारांनीच चालवायचा, मालक नको नि सरकारही नको, असं म्हणायचे ते. मग कामगार म्हणजेच राष्ट्र असं म्हणायला लागले, तेव्हा आईनं मधे पांढरा गोल शिवला, हिटलरच्या चिन्हाचा. युद्ध हरल्यावर तिनंच तो उसवला.” “आणि युनियनमधली माणसं?” “तीच. दोन्ही वेळा निशाण वडिलांच्याच हातात होतं.” केक छान फुगला. पिंपरीला आमचे बाबा कामाला होते त्या कारखान्याच्या गेटवर युनियनचा लाल फलक होता. एका सकाळी तो दुसऱ्या रंगात रंगवला, ‘कामगार’ पुसून तिथे ‘भूमिपुत्र’ लिहिलं, तेव्हा शिडी बाबांनी धरली होती. हे मी बाईंना सांगितलं नाही. रंगाचा डबा धरून शेजारी मी उभी होते आणि मला फार अभिमान वाटत होता, हे तर मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.