काकूंचा राहिलेला नवस

त्या सकाळी लष्कराची जीप आमच्या इमारतीसमोर थांबली तेव्हा बेल आधी आमच्या दाराची वाजली. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि जिन्याखालची नावांची पाटी कधीच पुसट झाली आहे, त्यामुळे पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे आधी आम्हालाच विचारतात. आईने दार उघडलं. बाहेर देवळालीहून आलेले दोन अधिकारी उभे होते. कॅप्टन नितीन यांचं घर हेच का, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी आत बूट घालत होतो, अंबडला जाणारी कंपनीची बस गाठायची होती. आईचा आवाज ऐकू आला, ‘नहीं नहीं, हमारा तो यहीं है, घर में. वो लोग ऊपर, तीसरे माले पे.’ आणि त्यापाठोपाठ तिने सोडलेला मोकळा श्वास... तो मला आतल्या खोलीतही ऐकू आला. थोड्या वेळाने वरून नितीनच्या आईची, मंदाकाकूंची किंकाळी आली, पण खरं सांगायचं तर या दोन आवाजांपैकी माझा पिच्छा त्या श्वासाने जास्त पुरवला आहे.

नितीन सव्वीस वर्षांचा होता. काश्मीरमधल्या एका गावात शोधमोहीम सुरू असताना दोन अतिरेकी एका घरात लपले होते. घरातली म्हातारी माणसं बाहेर येईपर्यंत कुणी गोळी चालवायची नाही, असं त्याने आपल्या जवानांना बजावलं आणि त्यांना आणायला तो स्वतः आत गेला. म्हातारी माणसं सुखरूप बाहेर आली. त्याच्या पलटणीतले मेजर अंत्यसंस्काराला आले होते, त्यांनी हे एवढंच आणि याच क्रमाने सांगितलं. त्यापुढचं काकूंनी विचारलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो, एकाच बाकावर बसलो, आणि सैन्यात जायचं खूळही दोघांच्या डोक्यात एकदमच शिरलं. खरं तर ते आधी माझ्या डोक्यात आलं. कॉलेजात असताना पहाटे सोमेश्वरपर्यंत पळत जायचं आणि येताना मिसळ खायची, असा आमचा सराव. मिसळ खाऊन सराव कसला होतो, असं नितीनचे बाबा म्हणायचे. पळण्यात मी नेहमी पुढे असायचो. नितीन मागून ओरडायचा, ‘भो, शत्रू पळाला आता, थांब की.’ लेखी परीक्षा दोघेही पास झालो आणि निवडीसाठी भोपाळला गेलो. तिथे शेवटच्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवतात आणि निवड झालेल्यांचे छातीवरचे नंबर पुकारतात. त्याचा पुकारला. माझा नाही. तो उभा राहिला, पण बराच वेळ माझ्याकडेच बघत होता, नंबर चुकून पुकारला गेला असावा अशा चेहऱ्याने. परतीच्या गाडीत त्याने स्वतःच्या निवडीबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त नाशिकरोड आल्यावर म्हणाला, ‘तू माझ्यापेक्षा जोरात पळतोस यार. कसा राहिलास?’ पुढे प्रत्येक सुट्टीत तो हे एकदा तरी विचारायचा. त्याला ते खरंच कोडं वाटायचं, आणि मलाही.

मी तोंड पाडून घरी आलो त्याच आठवड्यात आईने पुरणपोळ्या केल्या. सण नाही, वार नाही. आज सहज केल्या, म्हणाली. मला वाटलं, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून केल्या असतील. चांगल्या तूप ओतून खाल्ल्या.

मग मला अंबडला नोकरी लागली आणि परत प्रयत्न करायचं मी आज-उद्यावर ढकलत गेलो. नितीन सुट्टीवर आला की इमारतीतले सगळे त्याला घेरायचे. तिकडे थंडी किती असते, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, ‘आपल्या निफाडसारखीच, फक्त द्राक्षं नाहीत.’ शौर्याच्या गोष्टी त्याने कधी सांगितल्या नाहीत. उलट मलाच विचारायचा की तुझा तो सुपरवायझर अजून त्रास देतो का, कँटीनमधला चहा सुधारला का. गेल्या दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी तासभर पगारवाढीचं रडगाणं गायलो आणि त्याने ते मन लावून ऐकलं. आता आठवलं की मान वर करवत नाही.

अंत्यसंस्काराला रस्ता माणसांनी फुलून गेला होता. घोषणा, फुलं, कमानी, चौकाला नाव देण्याची आश्वासनं. परत येताना शेजारचे एक काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सुटलास बाबा. नापास झालास ते बरं झालं.’ मला त्यांचा राग यायला हवा होता. पण राग यायच्या आधी, अगदी क्षणभर, मलाही बरं वाटलं. ज्याला आपण जिवलग म्हणत आलो त्याची चिता मागे जळत होती आणि मला बरं वाटलं... याची लाज कुठे ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर आई तिसऱ्या मजल्यावर गेली नाही. तोवर दिवसातून दोनदा वर जाणारी बाई. काकूंच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की तुळशीला पाणी घालता घालता तांब्या तिथेच ठेवून ती आत यायची. गुडघे दुखतात, म्हणायची. एका संध्याकाळी मी जरा चिडूनच विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. आम्ही भोपाळला असताना ती आणि मंदाकाकू एसटीने वणीच्या गडावर गेल्या होत्या. दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून नवस बोलला. ‘मी म्हटलं, माझा पोरगा नापास होऊ दे, तुला पुरणाचा नैवेद्य दाखवीन,’ आई म्हणाली. ‘देवीने ऐकलं. आता मंदाला कुठलं तोंड दाखवू?’ मला त्या पोळ्या आठवल्या.

पुढच्या आठवड्यात काकू स्वतःच खाली आल्या. हातात पिशवी होती. आईला आत जायला वेळच मिळाला नाही. काकूंनी पिशवीतून हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ काढून टेबलावर ठेवले.

‘ताई, माझा नवस राहिलाय,’ त्या म्हणाल्या. ‘नितीन पास झाला तर त्याला युनिफॉर्ममध्ये घेऊन येईन आणि ओटी भरीन, असं बोलले होते. दर सुट्टीत म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. आता वर्षभर मला गडावर जाता येत नाही. तुम्ही भरून या.’

‘मी कशी जाऊ, मंदा?’ आई म्हणाली. ‘तुला माहीत नाही मी तिथे काय...’

‘माहीत आहे. तुम्ही मागताना पुटपुटता, ताई. शेजारच्याला सगळं ऐकू येतं.’ काकू बोलता बोलता लुगड्याची घडी सारखी करत होत्या. ‘मीही तेच मागायला गेले होते. तुमचं ऐकलं आणि वाटलं, उद्या त्याने विचारलं, आई तू काय मागितलंस, तर काय सांगू? त्याच्याशी मला खोटं बोलता यायचं नाही. म्हणून त्याच्या मनासारखं मागितलं.’

आईने त्यांचे पाय धरायला हात पुढे केला. काकूंनी तो मध्येच पकडला आणि त्यात नारळ ठेवला.

आई आणि मी रविवारी गडावर गेलो. आईचे गुडघे खरोखरच दुखत असावेत, फार हळू चढली. ओटी भरताना तिने काकूंचं नाव घेतलं, नितीनचं घेतलं, आणि मग तिचे ओठ मिटले ते उतरेपर्यंत मिटलेलेच होते. एसटीत बसल्यावर म्हणाली, ‘तुझ्यासाठी काही मागितलं नाही रे. जमलंच नाही.’ मी बरं म्हटलं.

प्रसाद द्यायला ती माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर आली. काकूंनी आम्हाला नितीनच्या खोलीत नेलं. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. सुट्टीवर आला की पहिल्याच सकाळी तो पलंगावरची चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचून अशी ताणायचा की एक सुरकुती दिसायची नाही. अकादमीत लागलेली सवय. काकूंनी ती त्याच्याकडून शिकून घेतली होती आणि आता रोज सकाळी त्या तशीच चादर घालत होत्या, वापरायला कुणी नसताना. मी दारातच घुटमळलो.

‘बस,’ काकू म्हणाल्या.

‘नको काकू, चादर...’

‘बस रे. घातलेली चादर रोज तशीच काढायची, याचा फार कंटाळा येतो.’

मी बसलो. गादी माझ्या वजनाने दबली, कोपऱ्यातली खोचलेली कड सुटून बाहेर आली. आई भिंतीकडे बघत राहिली. काकूंनी नारळाची वाटी फोडली, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाऊन संपवेपर्यंत त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.