इथे पाया पडायचं नाही

झाशीला आम्ही आलो ते ऐन जानेवारीत, आणि अंगावर घ्यायला सोलापुरी चादरी घेऊन. भुसावळची माणसं उन्हाला भीत नाहीत. थंडी मात्र त्यांच्या खिजगणतीतच नसते. स्टेशनवर उतरलो तर धुकं एवढं दाट की पुढे चाललेला हमाल दिसेना, त्याच्या डोक्यावरची आमची लाल बॅग तेवढी दिसत होती. पाच वर्षांची लेक माझा हात धरून म्हणाली, "आई, इथे कुणी राहतच नाही." कडेवरचं बाळ शिंका देत होतं. नवरा आधीच येऊन नोकरीवर रुजू झाला होता. तो कानटोपी, मफलर अशा थाटात समोर येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, इतका तो ओळखू येत नव्हता.

रेल्वेचं क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून त्याने नगरा नावाच्या वस्तीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली घरमालकीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. साठी ओलांडलेल्या, विधवा, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा मुलगा बबीना या जवळच्या गावी दुकान चालवायचा. सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. म्हणजे दिवसभर खाली त्या एकट्या आणि वर दोन पोरं घेऊन मी एकटी.

माझी एक मैत्रीण त्याच सुमाराला नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिचे फोन यायचे, तिथे कोथिंबीर कशी मिळत नाही, शेजारी कसे बोलत नाहीत. मी म्हणायचे, बाई, मीसुद्धा परदेशातच आहे, मला फक्त व्हिसा लागला नाही. थट्टा होती, पण सगळी थट्टा नव्हती. माझं हिंदी टीव्हीवरचं. भाजीवाला जे बोलायचा ते हिंदी आहे असं नवरा सांगायचा म्हणून मी मानायचे. तूरडाळ मागितली की दुकानदार बघत राहायचा, अरहर म्हटलं की लगेच मोजायला घ्यायचा. कढीपत्ता भाजीवाल्याकडे नसे, ज्याच्या अंगणात झाड आहे त्याच्याशी ओळख काढावी लागे. हे सगळं मी दोन-चार आठवड्यांत शिकले. रजयाही शिवून आणल्या. घर लावणं मला जमतं. माणसं लावून घेणं जमायला माझा स्वभाव आडवा येतो. मला राग पटकन येतो आणि आला की तो मुक्कामाला राहतो.

आल्या आल्या अम्मांनी जिन्यातच विचारलं होतं, "बहू, तुम लोग कौन हो?" मी म्हटलं, "मराठी." त्यांचं समाधान झालं नाही. "सो तो ठीक, पर कौन बिरादरी?" आमचं आडनाव त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं. मी "हम तो बस मराठी हैं" एवढंच म्हणून वर निघून आले. असले प्रश्न तोंडावर विचारणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. आमच्याकडे काय, पाठीमागे विचारतात.

तरी म्हटलं, एका छताखाली राहायचं आहे, आपणच हात पुढे करू. एका रविवारी वरणबट्टी केली. बट्ट्या तुपात तळून, वर वरण, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी, असं ताट लावून झाकलं आणि लेकीला घेऊन खाली गेले. जाताना तिला बजावलं, आजीला नीट वाकून नमस्कार करायचा. तिला तो करायला आवडायचा. भुसावळला चाळीतल्या सगळ्या आज्यांना वाकून वाकून तिने आशीर्वादांचा ढीग जमवला होता.

अम्मा अंगणात खाटेवर ऊन खात बसल्या होत्या. लेक पुढे झाली, वाकली, तिचे दोन्ही हात त्यांच्या पावलांना लागले मात्र, अम्मा विंचू दिसावा तशा दचकल्या. पाय ओढून खाटेवर घेतले, साडीखाली झाकले. "नईं नईं नईं! राम राम राम!" एवढंच तोंडातून निघालं. मग त्या उठल्या आणि माझ्याकडे न बघता तडक आत देवघरात गेल्या. घंटी वाजल्याचं ऐकू आलं. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि वर आले.

संध्याकाळी दार उघडलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर तेच ताट. झाकलेलं. बट्ट्या जशाच्या तशा, भाजीला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

आता यातून कुणी काय समजावं? मी तेच समजले. आमची जात यांना कळली नाही, म्हणजे ती खालची असणार असं यांनी ठरवलं. माझ्या लेकीच्या हाताचा यांना विटाळ झाला, माझ्या हातचं अन्न यांना चालत नाही. पाटी-पेन्सिल न धरलेल्या पोरीच्या हाताचा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्री नवऱ्याला म्हटलं, हे घर सोडायचं. तो शांत माणूस आहे. म्हणाला, "तिचा काहीतरी गैरसमज असेल, नाहीतर तुझा. विचारून बघ." अशा गोष्टी विचारतात का? विचारणार तरी काय, की बाई, आम्ही तुम्हाला अस्पृश्य वाटतो का? मी नाही विचारलं. लेकीला मात्र बजावलं, "इथे कुणाच्याही पाया पडायचं नाही. कुणाला हात लावायचा नाही."

मी तिला हे रागाने सांगितलं होतं. तिने ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. ती खाली खेळायला जाईना. गल्लीतल्या मुली जिन्याखालून हाका मारायच्या, ही गॅलरीच्या जाळीतून बघत राहायची. मग ती सारखी हात धुऊ लागली. जेवायच्या आधी, जेवल्यावर, बाळाला घेण्याआधी. त्या थंडीत बर्फासारख्या पाण्याने. एक दिवस मोरीत उभी राहून तिने मला विचारलं, "आई, माझे हात अजून घाण आहेत का?"

मी तिला उचलून घेतलं आणि त्याच दिवशी ठरवलं. मार्च संपला की मुलांना घेऊन भुसावळला आईकडे जायचं, हिला तिथल्याच शाळेत घालायचं. क्वार्टर मिळेल, बदली होईल, तेव्हा पुढचं पुढे. आई तर वाटच बघत होती. फोनवर म्हणाली, "तिकडे पोरांची भाषा बिघडायच्या आत ये."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बाळाच्या पायात मोजे घालत बसला. त्याचे वडीलही रेल्वेतच होते. त्यांची बदली होत गेली आणि आई मुलांना घेऊन एका गावी राहिली. "बाबा यायचे तेव्हा मी दाराआड लपायचो," तो म्हणाला. "लाजायचो त्यांना. ते दोन दिवस राहायचे, मी बोलायला लागेपर्यंत ते निघालेले असायचे." मग म्हणाला, "तू जा. तिचे हात असे फुटताना मलाही बघवत नाही." तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

अम्मांशी माझं बोलणं कामापुरतं उरलं. पाण्याची मोटर कधी लावायची, कचऱ्याची गाडी आली का, संपलं. त्यांनीही तोंड उघडून दुसरं काही विचारलं नाही. मार्चअखेरीला थंडी गेली, कूलर काढायची भाषा सुरू झाली, आणि चैत्रातलं नवरात्र आलं.

नवमीच्या सकाळी दार वाजलं. अम्मा. अंघोळ करून, अनवाणी, कपाळाला टिळा. जिना चढून धाप लागलेली. म्हणाल्या, "बहू, मोड़ी खों नीचें पठै दो. कन्या जिमाउने हैं." म्हणजे लेकीला खाली पाठव, कुमारिकांना जेवू घालायचं आहे.

इतके दिवस साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. हिंदी कसं आलं कोण जाणे, पण धबाधबा आलं. "क्यों? आज उसके हाथ चलेंगे आपको? उस दिन तो पाँव खींच लिए थे! हमारा खाना भी वापस कर दिया था!"

अम्मा माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं आणि त्या दारातच, उंबऱ्यावर बसल्या. "हाय राम," त्या म्हणाल्या, "तुम ऐसो समझीं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तीनदा विचारून घ्यावं लागलं. त्यांच्याकडे मुलगी कुणाच्या पाया पडत नाही. मुलगी म्हणजे देवी. तिच्या पाया मोठ्यांनी पडायचं. "मोड़ियन के पाँव तो हम परत हैं. बे हमाए छू लें तो पाप हमें लगत." माझ्या लेकीने पायाला हात लावला आणि त्यांच्या मते त्यांच्या डोक्यावर पाप चढलं. म्हणून त्या देवापुढे गेल्या, आणि त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून त्यांनी अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं. "तुमाओ खाबो ताजो हतो, बिगर जातो. सो ऊपर धर आई." ताजं अन्न वाया जाऊ नये म्हणून ताट वर आणून ठेवलं होतं.

"तो बताया क्यों नहीं?" मी म्हटलं. आवाज अजून चढलेलाच होता, पण पायाखालची जमीन सरकली होती.

"जा का बताबे की बात है? सबई जानत," अम्मा म्हणाल्या, म्हणजे ही काय सांगायची गोष्ट, सगळ्यांना माहीतच असतं. मग त्यासुद्धा जराशा तडकल्या. "हमने तो सोची, दक्खिन की बहू है, गुमान बाली है, बोलत नइयाँ."

मला गर्विष्ठ म्हणत होत्या त्या. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मला हसू आलं, रडूही आलं, आणि नेमकं काय करावं हे न कळून मी त्यांना पाणी दिलं. ते त्या घटाघटा प्यायल्या.

लेक मात्र तयार होईना. ती दाराआड उभी होती, हात फ्रॉकच्या मागे. मी तिला सांगितलं की आजी रागावलेली नाही. तिने नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं की चूक आईची झाली होती, तुझे हात पहिल्यापासून स्वच्छच होते. तिने हात आणखी मागे नेले. शेवटी एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या कडेवर ती, अशी मीच खाली उतरले.

खाली गल्लीतल्या मुली ओळीने पाटांवर बसल्या होत्या. अम्मांनी तिला रिकाम्या पाटावर बसवलं, परातीत तिचे पाय धुतले, पदराने पुसले, लाल अलत्याने रंगवले. ती ताठ बसून सगळं बघत होती, मुठी अजून मिटलेल्या. मग अम्मांनी वाकून कपाळ तिच्या पायांवर टेकवलं. गुडघे दुखत असताना, जमिनीला हात टेकत टेकत. आणि तशाच वाकलेल्या राहून म्हणाल्या, "बिन्नू, मूड़ पै हाथ धर दे. आसीस दे दे हमें."

आपल्यालाच बिन्नू म्हणून डोक्यावर हात ठेवायला सांगताहेत, हे लेकीला कळलं नाही. शेजारच्या पाटावरच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं आणि कसं करायचं ते हवेत करून दाखवलं. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिने एक मूठ उघडली, तळहात नीट बघून घेतला, आणि तो अम्मांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला. उचलला नाही. अम्माही हलल्या नाहीत. बाकीच्या मुलींना पुऱ्या वाढायच्या खोळंबल्या होत्या आणि मी खांबाला टेकून, बाळाला कडेवर घेऊन, सगळ्यांदेखत रडत होते.

ती दुपारपर्यंत वर आलीच नाही. कुणाच्या तरी अंगणात, मग कुणाच्या तरी गच्चीवर तिचा आवाज येत राहिला, आणि त्या आवाजात मधूनच एखादा हिंदी शब्द.

संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा मी कणीक मळत होते. सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आधी शेवटचंच आलं. "आईला फोन केला मी. आम्ही जात नाही. इथल्या शाळांची चौकशी कर."

पायातले बूट तसेच ठेवून तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "सकाळी तिला शाळेत मी सोडणार. रोज. ते काम तू घ्यायचं नाहीस."

शाळा कुठली, ते अजून आम्हांला माहीतही नव्हतं.