थडग्याची बिअर

आमच्या खोऱ्यात माझ्यासारखी बिअर कुणाला जमत नाही. शाळा मी थोडकीच शिकलो, पण बिअर चाखायला शाळा लागत नाही. धाकटा भाऊ तूरफिन मात्र शब्दांच्या नादी. लाकडं तोडायचा, मासे धरायचा आणि म्हाताऱ्यांना खोदून खोदून जुने शब्द विचारायचा. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत.

शेवटच्या आजारात एकच धरून बसला.

"थोरल्या, मातीनंतरच्या जेवणाला आपण 'ग्राव्हओल' म्हणतो. ग्राव्ह म्हणजे थडगं, ओल म्हणजे बिअर. आणि पाजतो काय? कॉफी!"

"दारूला पाप म्हणणाऱ्या प्रार्थनामंदिरवाल्यांनी आजोबांच्या काळातच बंद पाडली ना बिअर."

"त्याच्याही आधी 'आर्वओल' म्हणायचे. वारशाची बिअर. वारसानं मेलेल्याच्या नावानं प्यायची, मगच त्याच्या खुर्चीत बसायचं. वारसा गेला, बिअर गेली, नुसता शब्द उरला."

"मर आधी, मग बघू."

"मेलो की तू कॉफीच पाजणार."

"माझ्या हातची बिअर पाजीन. शब्द दिला."

आठवड्यात गेला.

माती पुढच्या शुक्रवारी होती. मी सातूचं गरम पाणी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्यांवरून गाळलं. आजोबांपासूनचं यीस्ट लाकडी कड्यावर वाळवलेलं असतं, ते पिंपात सोडलं. सोडताना आरोळी ठोकायची; जेवढी जोरात, तेवढी बिअर चढते. माझी आरोळी नदीपलीकडे जाते. त्या दिवशी घशातून आवाजच निघेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप थंडगार. फेसाचा पत्ता नाही. यीस्ट मेलं होतं.

आमच्या घरानं कधी कुणाकडे यीस्ट मागितलेलं नाही. पण शब्द दिला होता. गेलो शेजारच्या आम्ब्योर्गकडे. कुंपणाच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद.

"ओडमुंड? आणि मागायला?"

"यीस्ट दे. तूरफिनसाठी."

ती आतून कडं घेऊन आली. "तुमचंच आहे. तूरफिननंच दिलेलं. म्हणाला, जपून ठेव, थोरला घरचं यीस्ट एक दिवस मारणार."

मेल्यावरही टोमणा!

यीस्ट सोडलं आणि या वेळी ओरडलो. तूरफिनचं नाव घेऊन. आम्ब्योर्ग म्हणते, तिच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. येणारच.

शुक्रवारी सगळ्यांनी पेले रिकामे केले, प्रार्थनामंदिरवाल्यांनीसुद्धा. अशी बिअर खोऱ्यात झालेली नाही. मग लोक त्याच्या खुर्चीकडं बघायला लागले. वारस मीच. धाकट्याचा वारस थोरला, हा काय वारसा झाला?

प्यालो. बसलो. खुर्ची त्याच्या मापाची आहे, मला दोन्हीकडून रुतते.