पलीकडच्या शाळेत पंखा हाय का?

तुरीच्या शेंगा सोलायला बसलं की टोपली कधी भरली ते कळत नाही. आमच्या शाळेत नावं घालायचे दिवस आले की किस्सेही तसेच साठतात. मैत्रिणी विचारतात, "तू तर कुणाशी बोलत नाहीस, मग तुझ्याच समोर कसं सगळं घडतं?" अगं, गप्प बसणारं माणूस दिसलं की लोक दुप्पट बोलतात!

माझं अक्षर बरं आणि जीभ जड, म्हणून बाईंनी मला नावं लिहायच्या टेबलाशी बसवलं. गावाकडून येणाऱ्या आयाबायांना मुलीशी बोलायला संकोच वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. संकोच मला वाटतो, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

यंदा त्या टेबलावर माझंच नशीब ठेवलेलं होतं. शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब सांगून गेले होते की दहा मुली जमल्या तरच आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग निघेल. मी शाळेत उशिरा आलेली, चौथी पास होईतो लुगडं नेसायला लागले होते. दादा, म्हणजे माझे वडील, स्पष्ट म्हणाले होते, "पाचवी निघाली तर शीक. न्हाई निघाली तर युसूफ वडगावच्या पाव्हण्यांना बोलावतो." पाव्हण्यांचा मुलगा मी पाहिला नव्हता. पण त्यांच्या घरच्या म्हशींचं वर्णन दोनदा ऐकलं होतं.

आणि मुली जमायच्या कशा? नदीपलीकडे सरकारी उर्दू शाळा. तिथं छताला दोरीनं ओढायचा पंखा, मुली आणायला पडदा लावलेली बैलांची दमणी, बसायला बेंच, शिकवायला उस्तानीबाई. आमच्याकडे पोती आणि कडुलिंब. त्यात आमच्या बाईंचा नियम असा : कुणी पलीकडच्या शाळेबद्दल विचारलं तर स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगायचं. त्यांचं चांगलं आधी सांगायचं. आणि आपल्याकडे जे नाही, ते कुणी विचारायच्या आधी सांगायचं.

या नियमामुळं आमच्या शाळेत नाव घालण्यापेक्षा न घालता परत जाणं सोपं झालं होतं.

*

पहिल्याच दिवशी नांदूरघाटचे एक काका मुलीला घेऊन आले. टोपी काढून वारा घेत त्यांनी मला विचारलं, "पलीकडं पंखा हाय म्हनं?"

"हाय," मी म्हणाले.

"तुमच्यात?"

"न्हाई."

"मग तुमच्यात हाय काय?"

मी घाबरून वर पाहिलं. वर कडुलिंब होता. मी तेच सांगितलं.

काका हसले आणि बसलेही. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात बाई आल्या आणि मुलीला का शिकवायचं ते विचारू लागल्या. काकांना मुलगा नव्हता. कचेरीतून येणारे उर्दू कागद घरात कुणाला वाचता येत नव्हते, ते मुलीनं वाचावेत एवढी त्यांची इच्छा. आमच्याकडे शिकवणं मराठीतून. बाईंनी सरळ सांगितलं की या कामाला तुम्हाला पलीकडचीच शाळा बरी, आणि वर रस्ताही समजावला.

रस्ता दाखवायला कोण गेलं? मी!

*

मग मोंढ्यातले शिवलिंगअप्पा आले, किराणावाले. ते शाळा निवडायलाही दुकानात आल्यासारखे आले. म्हणाले, "त्यांच्या मालात खोट काय हाय ते सांगा, मग तुमचा माल बघू."

बाई म्हणाल्या की आम्ही दुसऱ्या शाळेची खोट सांगत नाही.

अप्पांना हे फार चमत्कारिक वाटलं. "मी तर गिऱ्हाइकानं इचारायच्या आदी सांगतो, समोरच्या दुकानात उंदीर हायेत."

"खरंच आहेत?"

"असतील की. आमच्यातलेच जातेत तिकडं."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग इतके हसले की त्याच हसण्यात त्यांनी मुलीचं आणि पुतणीचं, दोन्ही नावं घातली. वर्गाला आता फक्त एक मुलगी कमी होती.

*

गोदाक्का आमची बोलावणारीण. रोज सकाळी दारोदार जाऊन मुलींना हाका मारून शाळेत आणते. बाईंनी तिलाही नियम समजावला. तिनं तो पाळला. कुणी पलीकडच्या शाळेचं नाव काढलं की ती एक अक्षर बोलायची नाही. फक्त कपाळाला हात लावायची आणि एवढा लांब सुस्कारा टाकायची, की ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी यावं.

हे बाईंना कळलं. गोदाक्का म्हणाली, "म्या काय बोलले का? श्वास बी घ्यायचा न्हाई का मानसानं?"

बाईंनी सुस्काऱ्याला बंदी घातली. चांगलं आधी सांगायचं, हे पुन्हा बजावलं.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या, अजून नाव न घातलेल्या दोन मुली पलीकडे गेल्या. गोदाक्का हात झटकत म्हणाली, "त्येंचं चांगलं सांगता सांगता घर संपलं. आपलं सांगायची पाळीच आली न्हाई."

*

आता माझी कथा. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी लिंबागणेशच्या एक काकू आल्या. मुलगी चौथी झालेली, इथं मावशीकडे राहणार होती. म्हणजे नेमकी आमची दहावी मुलगी! मी लेखणी बुडवून तयार.

काकूंनी हळूच विचारलं, "तिथल्या उस्तानीबाई पोरींना मारत्यात का गं?"

तिकडं शिकणारी माझी आत्येबहीण म्हणायची, मारतात. पण ती स्वतःलाच सगळे मारतात असं म्हणते. मी काही पाहिलेलं नव्हतं. मग मी नेहमीचंच केलं, म्हणजे खाली मान घालून गप्प बसले.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "समजलं, लेकरा. उद्या हितंच नाव घालते," म्हणाल्या आणि गेल्या.

मी आनंदानं बाईंना सांगायला गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "गोदाक्काचा सुस्कारा आणि तुझं गप्प बसणं, यात फरक काय?"

मला पळावं लागलं. लुगड्याचा काष्टा सावरत, भर पेठेतून. काकू वेशीपाशी सापडल्या. धापा टाकत मी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं : "मला माहीत न्हाई. मारतात का न्हाई, म्या बघितलं न्हाई."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "येवढं सांगायला पळत आलीस?"

"हो."

"मग उद्या आदी तिकडं जाऊन बघते, बाई."

मी घरी आले. दादा पाव्हण्यांना कधी बोलवावं ते आईशी बोलत होते. म्हशींचं वर्णन तिसऱ्यांदा ऐकलं.

*

शेवटच्या दिवशी दुपार टळली तरी टेबलाशी कुणी फिरकलं नाही. गोदाक्का पायरीवर बसून होती. मी लेखणी पुसून ठेवली.

तेवढ्यात फाटकाशी घुंगरं वाजली. पाहते तर पलीकडच्या शाळेची पडद्याची दमणी! पडदा सरकवून काकू उतरल्या, मागून मुलगी.

काकूंनी सांगितलं की तिकडं सगळं पाहिलं. पंखा पाहिला, पोरी पाहिल्या. उस्तानीबाई मुलींचे पाढे घेत होत्या, हातात छडी काही दिसली नाही. मग काकूंनी त्यांनाच विचारलं की नदीअलीकडची शाळा कशी आहे.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"म्हनाल्या, म्या पाहिली न्हाई. तुमीच बघून या. आन् ही दमनी दिली. पटलं न्हाई तर हिच्यातच परत या म्हनाल्या."

बाई नियमाला जागल्या. पंखा नाही, बेंच नाही, दमणी नाही, उर्दू थोडंच, असं एकेक सांगू लागल्या. मी मनातल्या मनात त्यांचं तोंड धरत होते. काकूंनी कडुलिंबाकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या दमणीकडे चालू लागल्या.

मला म्हशी दिसू लागल्या.

काकूंनी दमणीत हात घालून मुलीची पाटी आणि डबा खाली काढला. मुलीला माझ्या टेबलाशी उभं केलं.

गाडीवान खोळंबला होता. त्यानं विचारलं, "उस्तानीबी कू क्या बोलूँ?"

बाई काही बोलेनात. काकू बोलेनात. मी तर बोलतच नाही. पायरीवरून गोदाक्कानं मात्र कपाळाला हात लावला आणि इतक्या दिवसांचा साठलेला सुस्कारा टाकला.

गाडीवानानं मान हलवली. "हौ. बोलतूँ," म्हणाला, आणि त्यानं बैल वळवले.