भेंडीचं टोक

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. आधी हसतात, मग हवामानाचा विषय काढतात आणि जाता जाता हळूच चिमटा काढून जातात. लायब्ररीत एका बाईंनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि लगेच विचारलं, परत कधी जाणार? पोस्टात माझ्या मागचे गृहस्थ 'होऊ द्या सावकाश' म्हणाले, ते इतक्या गोड आवाजात की पार्सलवर पत्ता लिहिताना माझा पिनकोड चुकला. नवरा म्हणतो, "यार, त्याला खरंच घाई नसेल." नसेलही. पण मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सगळं ठीक चाललंय असं कुणी म्हटलं की तिथेच काहीतरी लपलंय असं मला वाटतं, आणि पगारही मला त्याचाच मिळतो.

आई नाशिकहून आली आणि या संशयाला जोर चढला. बाबा गेल्यापासून ती फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. तिने आता कायमचं आमच्याकडे राहावं, असं मला फार वाटत होतं. मी सिटिझन झाले होते, तिच्या ग्रीन कार्डला काही अडचण नव्हती. अडचण तिच्या होकाराची होती. "राहून बघते, मग सांगते," एवढंच ती म्हणाली. घर तिला आवडलं, घरामागचं तळं आवडलं, जावयाच्या हातचा चहासुद्धा आवडला. मला भीती होती ती बाहेरच्या लोकांची. एखादा टोमणा तिला लागेल आणि ती बॅग भरेल, हे मी मनाशी धरूनच बसले होते.

एका शनिवारी सुपरमार्केटमध्ये तिला भेंडी दिसली. तिने एक उचलली, अंगठ्याने टोक दाबलं, कट्कन मोडलं आणि पिशवीत टाकली. मग दुसरी. जी मोडायच्या ऐवजी नुसती वाकली ती निबर म्हणून परत ढिगात गेली. आपल्याकडे भेंडी अशीच घेतात. भाजीवाली फार तर 'ताई, सगळ्याच नका मोडू' म्हणते आणि वजन करायला घेते. शेजारी निळं जॅकेट घातलेल्या एक बाई ब्रोकोली निवडत होत्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग हसल्या आणि आईकडे न बघता मला म्हणाल्या, "आमच्याकडे आधी विकत घेतात, मग मोडतात. पण बघायला मजा वाटली."

मला संताप आला. त्या 'आमच्याकडे'ने आम्हा दोघींना दाराबाहेर काढून उभं केलं होतं आणि वर मजा वाटल्याची पावती दिली होती. चांगली खणखणीत उत्तरं मला सुचली, पण ती सगळी गाडीत बसल्यावर. तिथे मात्र मी हसले, सॉरी म्हणाले आणि आईचं मनगट धरून तिला थेट दह्याच्या फ्रिजपाशी नेलं. भेंडी तिथेच राहिली. काय म्हणाली गं ती, असं आईने विचारलं. काही नाही, आज गर्दी आहे म्हणाली, असं मी सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मी पहाऱ्यावर उभी राहिले. आईला घेऊन दुकानात जायचं तर सकाळी लवकर, माणसं नसताना. साडीवर लांब जॅकेट, थंडी असो नसो. भाजीला हात लावायचा नाही, हवं ते मला दाखवायचं. ती काही बोलायला लागली की मी आधी डावीकडे-उजवीकडे बघायची, मग "हळू ना आई, प्लीज" म्हणायची. तळ्याभोवती फिरायला जातानाही मी मागची, झाडीतली वाट धरायची. एकदा समोरून येणारा माणूस आम्हाला बघून कुत्र्यासकट रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी मनातल्या मनात त्याला फाडून खात होते, तेवढ्यात तो पलीकडून ओरडला की कुत्रा अनोळखी माणसांवर धावून जातो, म्हणून बाजूला झालो. आईने त्याला हात हलवून थँक्यू म्हटलं. मी घरी येईपर्यंत विचार करत होते की खरंच कुत्र्याचं कारण होतं का.

आईची जायची तारीख जवळ आली तरी ती काही बोलेना. मी तिकीट पुढे ढकलायचं म्हणून एअरलाइनचं पान रोज उघडून ठेवायची. अशातच पुन्हा सुपरमार्केटला जाणं झालं. बिल झालं, काउंटरवरच्या मुलीने सामान पिशव्यांत भरलं आणि आईने ते सगळं पुन्हा बाहेर काढलं. कोथिंबीर तेलाच्या बाटलीखाली गेली होती, हे तिला कसं चालावं? ती एकेक वस्तू नीट लावायला लागली. मागे उभा असलेला टाय घातलेला माणूस घड्याळाकडे बघून हसत म्हणाला, "काही लोकांना नोकऱ्या असतात."

मी पिशवी ओढायला गेले, तर आईने माझा हात बाजूला केला. ती त्याच्याकडे वळली आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाली, "मलाही होती. बँकेत, कॅशच्या काउंटरवर. दोन मिनिटं थांबा." तो माणूस ओशाळला, सॉरी म्हणाला. पुढे पडलेलं लिंबूही त्याने उचलून दिलं. मी मात्र आईला दंडाला धरून जवळजवळ पळवतच बाहेर आणलं.

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि म्हणाली, "तिकीट बदलू नकोस. ठरल्या दिवशीच जाते मी."

"त्या माणसामुळे ना? मला माहीतच होतं. ती भेंडीवाली बाई, आता हा..."

"भेंडीवाली काय बोलली ते मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली. "अगं, सगळी नोकरी काउंटरमागे बसून काढली मी. नोट जरा फाटकी निघाली तर लोक माझ्या माहेरापर्यंत पोचायचे. यांचं काय घेऊन बसलीस? मला यांचं काहीच लागलं नाही."

"मग का जातेस?"

"तुझ्यामुळे. मी तोंड उघडलं की तू आधी चहूकडे बघतेस. नाशिकला मी एकटी असते खरी, पण चोरासारखी नसते."

मला रडू फुटलं, तेही मोठ्याने. शेजारच्या गाडीत कुणीतरी सामान ठेवत होतं. माझा हात आपसूक बटणाकडे गेला आणि मी खिडकीची काच वर केली. आई ते बघत होती.