डाव्या हाताच्या बांगड्या

देवीवर माझी श्रद्धा आहे की नाही, हे मला त्या वर्षापर्यंत धड सांगता आलं नसतं. आमच्या घरच्या महालक्ष्म्या सासूबाईंच्या. सासरे रेल्वेत लागून रायपूरला आले तेव्हा ते दोन पितळी मुखवटे सासूबाईंनी वर्ध्यापासून मांडीवर धरून आणले होते. तेव्हापासून भाद्रपदातले ते तीन दिवस घरात त्यांचंच राज्य. मी आपली हाताखालची कामकरी. भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं, सांगतील तसं करायचं. मागणं असं देवीकडे मी कधी मागितलंच नव्हतं. मागावं असं काही अडलं नव्हतं.

त्यात माझी तब्येत ठणठणीत. वय बत्तीस. रायपूर राजधानी होऊन दोनेक वर्षं झाली होती. शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात भोपाळहून फायलींचे गठ्ठे येत, आणि शिपाई नसला की मीच ते तिसऱ्या मजल्यावर नेत असे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "हिले तं ताप बी यायले भेते." अशा मला श्रावणात एके दिवशी आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून पंधरा दिवस मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सुईनं तपासणी केली आणि रिपोर्ट हातात देताना आवाज खाली आणून हिंदीतून सांगितलं की हा कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, स्तन काढावा लागेल, आणि उशीर करू नका. मी मान डोलावली, बाहेर आले, आणि वाटेत मुलीसाठी केळी घेतली. केळी घेतल्याचं अजून आठवतं, घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

घरी कुणालाच सांगितलं नाही. हे सिलतऱ्याच्या कारखान्यात, पाळीचं काम, घरी येत ते थकून. आणि महालक्ष्म्या चार दिवसांवर होत्या. मी ठरवलं, आधी सण होऊ दे. पण सण झाला की पितृपक्ष, त्यात चांगलं काम कुणी सुरू करत नाही. मग नवरात्र, मग दिवाळी. असं एकेक आड येत गेलं आणि मला खरं तर हायसं वाटत गेलं. हे मी आज कबूल करते. मी घाबरले होते.

देवी बसवायच्या दिवशी, आवाहनाआधी, मी एक गोष्ट केली. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं अंग म्हणजे पत्र्याच्या दोन कोठ्या. त्यांत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटा ठेवायचा आणि साडी नेसवायची. दोघींतल्या धाकटीच्या कोठीत तांदूळ ओतताना मी तो रिपोर्ट घडी करून आत घातला आणि वरून उरलेले तांदूळ टाकले. देवीवर सोडलं, असं मनाशी म्हटलं. मग तिला साडी नेसवायला घेतली. पदर छातीवरून नेताना माझे हात थांबले. आत पत्रा होता, वर चोळी, आणि चेहऱ्यावर तेच हसू. मला एकदम रडू कोसळलं. सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, काय झालं?" कापूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. अजून कापूर पेटलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुख्य जेवण. दरवर्षी सवाष्ण म्हणून येणाऱ्या काकूंचा सकाळीच फोन आला. नात झाली होती, सोयर लागलं होतं, त्या येऊ शकत नव्हत्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. काकूंनीच सुचवलं की त्यांच्या वरच्या मजल्यावर गोंदियाहून बदली होऊन आलेलं एक मराठी कुटुंब आहे, त्यातली बाई पाठवते. दुपारी माझी मुलगी धावत आत आली, "दादी, कोई आंटी आई है!" दारात चाळिशीतली एक सावळी, हसरी बाई उभी होती. आम्ही कुणी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या घरची रीत अशी की सवाष्णीला बांगड्या ओटीत द्यायच्या नाहीत. सुनेनं त्या आपल्या हातांनी भरायच्या, दोन्ही हातांत सहा-सहा. मी उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि डावा हात मागितला. तिनं तो पुढे केला नाही. "या हातात नाही भरत मी, ताई," ती हळू म्हणाली. सासूबाई दचकल्या. सवाष्णीचा एक हात रिकामा, तोही महालक्ष्मीसमोर! बाईनं शांतपणे सांगितलं, "सात वर्षं झाली. या बाजूची छाती काढली माही, कॅन्सर होता. तवापासून या हातात घट्ट काही घालू नको म्हणते डॉक्टर, हात सुजते. तुम्हाले चालत नसन तं सांगा, मी जाते."

सासूबाईंनी उरलेल्या सहा बांगड्या उचलून माझ्या हातात दिल्या. मग मला म्हणाल्या, "त्या हाताच्या बी याच हातात भर. बारा पुऱ्या कर." मी भरू लागले आणि लागोपाठ दोन बांगड्या फुटल्या. तिनं माझं मनगट धरलं. "तुम्हाले काय झालं, ताई?" नकळत माझा हात छातीवर गेला. तेवढ्यावर ती समजली.

जेवण झाल्यावर तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं आणि घरी अजून काहीच सांगितलं नसल्याचं माझ्याकडून काढून घेतलं. ती स्वतः नणंदेच्या लग्नासाठी तीन महिने थांबली होती, म्हणाली. "थांबलो आपण. तो थोडी थांबते! मले मग मोठं ऑपरेशन लागलं. आज सांगा घरी. तुम्ही सांगेस्तोवर मी इथून हलत नाही. जेवलेल्या सवाष्णीले कोणी जा म्हणत नाही." त्या अवस्थेतही मला हसू आलं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कागद कुठं हाये?" मी धाकटीकडे बोट दाखवलं. बसवलेल्या देवीला विसर्जनापर्यंत हलवायचं नसतं. सासऱ्यांना झटका आला होता त्या वर्षीसुद्धा सासूबाईंनी हलवू दिलं नव्हतं. त्या उठल्या, हात जोडले, "माय, माफ करजो" म्हणाल्या, मुखवटा उचलून मांडीवर घेतला आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. रिपोर्ट बाहेर आला. इंग्रजी होता, त्यांना वाचता येत नव्हता, तरी बराच वेळ तो डोळ्यांपुढे धरून बसल्या. मग मला जवळ घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ऑपरेशन पितृपक्षातच झालं. कुणीतरी दिवस चांगले नाहीत म्हणालं, तेव्हा सासूबाई फटकन बोलल्या, "पितर आपलेच हायेत ना? सुनेचं वाईट काहून करतीन?" पुढचं वर्ष सोपं नव्हतं. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि आरशासमोर उभं राहायला मला कित्येक महिने लागले. ती बाई मधून मधून येऊन बसायची. उन्हाळ्यात त्या कुटुंबाची पुन्हा बदली झाली. ती त्याच दिवशी आमच्या दारात कशी आली, यावर मी वाद घालत नाही. एका घरात नात जन्मली आणि म्हणून दुसऱ्या घरात कुणी आलं, एवढंच मला ठाऊक आहे.

देवीवर सोडलं असं मी म्हटलं होतं, ती खरं तर माझी पळवाट होती. कागद तांदळात पुरून मी तिच्या पदराआड लपले होते. सोडणं म्हणजे काय हे मला नंतर ऑपरेशनच्या टेबलावर कळलं. पुढे काय होईल ते माहीत नव्हतं आणि तरीही मी सुईसाठी हात पुढे केला होता. आजही रोज सकाळी दिवा लावताना मी त्या बाईचं नाव घेते.

पुढच्या भाद्रपदात सासूबाईंनी सवाष्णीला बोलावणं धाडलंच नाही. पाटावर मला बसवलं. माझ्या डोक्यावर तेव्हा जेमतेम बोटभर केस होते. सुनेनं भरायच्या त्या हिरव्या बांगड्या त्या स्वतः घेऊन समोर बसल्या आणि रीतीप्रमाणे मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझा डावा हात उचलला, कपाळाला लावला आणि अलगद माझ्या मांडीवर परत ठेवला. मग एकेक करत बाराही बांगड्या उजव्या हातात भरल्या. एकही फुटली नाही.